लेपाखाली काय आहे, ते लोकांना सांगा

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय अमली पदार्थविरोधी समित्या,
कोकण किनारपट्टी.

महोदय, महोदया,

मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या बाजारपेठेत गेली बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. परवान्याच्या नूतनीकरणापलीकडे सरकारी कार्यालयाला मी आजवर कधी काही लिहिलेलं नाही. हे पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितो आहे. गेल्या २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आमच्या भागात पुन्हा प्रभातफेरी निघाली, रांगोळी स्पर्धा झाली, शाळेच्या फाटकावर कवटीचं चित्र असलेला फलक लागला. आम्ही पंधरा जणांनी सह्या करून दिलेला अर्ज मात्र होता तिथेच राहिला. त्यात मागणं एवढंच होतं: लेप दिलेला जहाल गांजा म्हणजे काय, तो घेतल्यावर माणसाला काय होतं आणि अशा वेळी घरच्यांनी काय करायचं, याचं एक पानी मराठी पत्रक काढा. तोंडी उत्तर मिळालं, "असली माहिती दिली की पोरांचं कुतूहल वाढतं." हे सांगणाऱ्यांचं नाव मी लिहिणार नाही. माणूस सज्जन आहे आणि त्यांना मनापासून तसं वाटतं. पण त्यांची समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत माझ्या घरानं मोजली आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बेगीन ये. ह्येका काय झाला ता बघ." भाचा एकोणीस वर्षांचा, हंगामात पर्यटकांच्या होडीवर काम करतो. मी पोचलो तेव्हा तो पडवीत चटईवर होता आणि दोन्ही हातांनी खांब घट्ट धरून बसला होता. डोळे लाल, ओठ कोरडे पडलेले, शर्टावर उलटी. मला बघून म्हणाला, "मामा, माका धर. मी खाली जातंय." चटईवर बसलेला मुलगा खाली जातो म्हणत होता, आणि त्याच्या बोटांची पेरं खांबावर पांढरी पडली होती. दुकानातून येताना ऑक्सिमीटर खिशात टाकला होता. त्याच्यावर नाडी १४८.

शेजारच्या काकींनी तोवर दृष्ट काढली होती. मिरच्या-मोहरीचा धूर खोलीत कोंडला होता. कोणीतरी चिंचेचा कोळ चमच्यानं त्याच्या तोंडात घालत होतं, कारण भांग चढली की चिंच देतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांनी मायेपोटीच केलं. पण अर्धवट शुद्धीत ओकणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी चमचा काढून घेतला, भाच्याला कुशीवर वळवला आणि १०८ ला फोन लावला.

गाडी येईपर्यंत त्याच्या मित्रानं खिशातून एक डबी काढून माझ्या हातात दिली. संध्याकाळी होडीवरून उतरताना एका पर्यटकानं टिप म्हणून दिलेली. पत्र्याची, बाम असतो तेवढी. आत एक गोळा उरला होता, करवंदापेक्षा थोडा मोठा. वरून पाहिलं तर नाचणीच्या पिठात घोळवल्यासारखा, फक्त पिठाचा रंग हिरवट पिवळा. नखानं टोकरलं तर खाली काळपट तपकिरी चिकट थर, फणसाच्या चिकासारखा बोटाला धरणारा, आणि त्याच्याही आत फूल. वास लिंबाच्या सालीचा आणि राळेचा, इतका उग्र की डबी बंद केल्यावरही हाताला राहिला. तिघांनी सुरूच्या बनात बसून त्यातला एक गोळा ओढला होता, जसा नेहमीचा ओढतात तसा, तेवढ्याच मापानं. बाकीचे दोघे चालते-बोलते राहिले. माझा भाचा उठू शकला नाही.

मित्राला मी विचारलं, हे काय आहे, माहीत होतं का? तो म्हणाला, "ह्या लीगल आसा मामानू, डब्यार लिवलेला आसा." खरंच लिहिलेलं होतं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा कमी.

आणि आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते सांगतो. तास-दीड तासाच्या रस्त्यानं आम्ही रुग्णालयात पोचलो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, काही घेतलंय का? बहिणीनं सांगितलं, "बांगडे बाधले." पोलिसांची चौकशी लागेल, पोराचं नाव पेपरात येईल, होडीवरचं काम जाईल, हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात आलं असणार. डबी माझ्या खिशात होती. मी औषधशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, आणि मीही गप्प बसलो. डॉक्टरांनी विषबाधेचे उपचार सुरू केले. पाऊण तासानं नाडी उतरेना, पोरगा हात झटकायला लागला, तेव्हा मी त्यांना बाहेर बोलावून डबी दाखवली. त्यांनी ताबडतोब ईसीजी काढला, मॉनिटर लावला, खोलीतला मोठा दिवा बंद केला, घाबरं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि पहाटेपर्यंत जवळून लक्ष ठेवलं. मला म्हणाले, "असलं काही मी पहिल्यांदाच बघतोय. आम्हाला कोणी सांगितलेलंच नाही." भाचा वाचला. झोप मात्र दोन महिने आली नाही. रात्री कानात होडीचं इंजिन चालू असतं म्हणायचा. अजून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतो आहोत.

हे वाचून कुणी म्हणेल, गांजा काय कोकणाला नवा आहे का? आमच्याकडची जुनी माणसं हेच म्हणतात. महाशिवरात्रीची भांग, बाबा-बैराग्यांची चिलीम, वाडीतले चार म्हातारे संध्याकाळी ओढायचे आणि सकाळी जाळी घेऊन समुद्रावर जायचे. त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त ते वेगळ्या वस्तूबद्दल बोलत आहेत, आणि हा फरक कोणीतरी त्यांना समजावून सांगायला हवा. म्हणून मला समजलं तसं लिहितो.

गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. त्या फुलांवर राळेच्या अगदी बारीक ग्रंथी असतात आणि नशा आणणारं टीएचसी मुख्यतः त्यांच्यात असतं. नुसती पानं वाटली तर भांग, राळ वेगळी काढली तर चरस. लेप दिलेल्या फुलात हे सगळं एकावर एक चढवलेलं असतं: आत फूल, त्यावर राळेचा घट्ट अर्क, आणि सगळ्यात वर ग्रंथींची भुकटी. बाहेरचे लोक त्याला 'मूनरॉक' म्हणतात. थोडक्यात, गांजाच्या अंगावर चरसाचं तेल आणि त्यावर पुन्हा चरसाचा कच्चा माल. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ साली १२ टक्के. तो साधा गांजा. लेपवाल्या मालाचे विक्रेते ४० आणि ५० टक्क्यांचे दावे करतात. दावा खरा की खोटा हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही, पण साध्या फुलापेक्षा तो कितीतरी जहाल असतो यात शंका नाही. आपल्या माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं. माडीत मद्यार्क चार-पाच टक्के, फेणीत चाळिसाच्या वर. माडीच्या पेल्यानं कोणी फेणी पीत नाही, कारण पेल्यात काय आहे हे त्याला ठाऊक असतं. माझ्या भाच्यानं फेणी माडीच्या मापानं घेतली, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

डबीवरच्या त्या ०.३ टक्क्यांबद्दलही सांगायला हवं, कारण पोरं त्यावर विश्वास ठेवतात. कच्च्या फुलात टीएचसी थोडंच असतं. बहुतेक सगळं टीएचसीए या रूपात असतं आणि ते तसं नशा आणत नाही. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. म्हणजे काडी पेटवली की लेबलवरचा आकडा खोटा पडतो. अमेरिकेतल्या २०१८ च्या शेती कायद्यानं सुक्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे तयार टीएचसी) असलेल्या झाडाला 'हेम्प' ठरवलं आणि व्यापाऱ्यांनी त्या फटीतून हा माल बाजारात आणला. आपल्याकडे ती फट नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, मग त्यात टक्के कितीही असोत. वेगळी केलेली राळ आणि तिचा घट्ट अर्क म्हणजे चरस. दोन्हींचं मिश्रणही त्याच व्याख्येत येतं. ज्याला कमी शिक्षा आहे ते 'अल्प प्रमाण' गांजासाठी १ किलो आहे, चरसासाठी फक्त १०० ग्रॅम. नुसत्या सेवनालाही ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे आमच्या किती मुलांना माहीत आहे? डबीवर 'लीगल' वाचून खिशात घालणाऱ्या मुलाला निदान एवढं कळलं पाहिजे की ते लेबल या देशातलं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती लेपाचीच. फूल निदान डोळ्यांनी ओळखता येतं. लेप राळेच्या अर्काचा आहे की प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनाचा, हे बघून, हुंगून, चाखून कळत नाही. टीएचसी कमी असलेल्या हेम्पवर कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसीची नक्कल करणारी रसायनं, फवारून ते गांजा म्हणून विकल्याचं युरोपात २०२० मध्ये आढळलं. ही कृत्रिम रसायनं टीएचसीपेक्षा कितीतरी जोरात काम करतात, त्यांनी झटके येतात, माणसं दगावतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात २०१८ साली असल्याच मालात ब्रोडिफॅकम निघालं. ते उंदीर मारण्याचं औषध आहे, त्यानं रक्त गोठायचं थांबतं. दीडशेहून जास्त माणसं नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जात असताना रुग्णालयात आली आणि काही मेली. उंदराचं औषध आमच्या बाजारपेठेतही मिळतं. त्याची पुडी देताना लोक मला दहा वेळा विचारतात, पोरांपासून कुठे ठेवू? त्याच घरातल्या पोराच्या हातात अनोळखी लेपाचा गोळा येतो, तेव्हा विचारायचं कुणाला?

आता माझ्या तक्रारी. त्या आपल्या हेतूबद्दल नाहीत, कामाच्या पद्धतीबद्दल आहेत.

पहिली म्हणजे हे मौन. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली. दोनशे किलोंहून जास्त माल मिळाला. पोलीस आणि कस्टम्सनी किनारा पिंजून काढला आणि पाकिटांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. ते पाकीट कसं दिसतं हे त्या आठवड्यात आमच्या गावातल्या पाचवीतल्या पोरालाही माहीत झालं होतं. त्यामुळे कुणाचं कुतूहल वाढलं आणि कोणी व्यसनाला लागलं, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोक वाळूत पडलेल्या अनोळखी पिशवीला हात लावायला कचरू लागले, हे मात्र मी पाहिलं. मग याच मालाचं नवं रूप दाखवायला संकोच कसला? थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली, त्यानंतर बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत 'हायड्रोपोनिक', म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत आहेत. मुंबईहून आमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी किती गाड्या उतरतात हे आपण जाणता. माल पोचला आहे. पोचली नाही ती माहिती.

आणि जी पोचते तिच्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. कवटीचं चित्र बघून भाचा म्हणाला होता, "सगळे ओढणारे मरत असते तर निम्मी वाडी रिकामी झाली असती." त्याला खरं सांगा ना. २०१९ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा आजार, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं, हे कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळलं. याचा अर्थ ओढणारा प्रत्येक जण त्या वाटेनं जातो असा नाही. पण लेपवाला माल १० टक्क्यांच्या कितीतरी वर आहे आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, ही दोन वाक्यं एकोणीस वर्षांच्या मुलाला समजतात. त्याला अतिशयोक्ती लगेच कळते, आणि एकदा ती कळली की पुढचं काही तो ऐकत नाही.

दुसरी तक्रार जप्तीच्या बातम्यांची. बातमीत किती किलो ते असतं, बाजारभावानं किती लाख ते असतं, आरोपींची संख्या असते. त्या मालात टीएचसी किती होतं, कृत्रिम रसायन होतं का, हे कधीच नसतं. आम्हाला रुपयांशी काय करायचं आहे? रात्री दोन वाजता पेशंट समोर आल्यावर डॉक्टरांना कामाला येईल ती माहिती प्रयोगशाळेच्या अहवालात अडकून राहते, आणि अहवाल न्यायालयाच्या फायलीत.

तिसरी, तपासणीची. लघवीच्या तपासणीचं जे साधं किट मिळतं ते टीएचसीचे अवशेष दाखवतं, कृत्रिम कॅनाबिनॉइड दाखवत नाही. किट निगेटिव्ह आलं म्हणून पोराला घरी पाठवलं आणि घरी त्याला झटके आले, असं होऊ शकतं. हे निदान कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

चौथी तक्रार त्या 'बांगडे बाधले'ची. आम्ही खोटं बोललो ही आमची चूक, मी ती वर कबूल केली आहे. पण असं खोटं आमच्या भागात दर हंगामात बोललं जातं, हे मला काउंटरवरून दिसतं. एक मुलगा तीन महिने उलटीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येत होता. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, काही निघालं नाही. एकदा सहज म्हणाला, "कढत पाण्यानं आंघोळ केली की तेवढा वेळ बरं वाटतं, दिवसातून चार-चार वेळा करतो." मी त्याला बाजूला घेतलं. वर्षानुवर्षं जास्त गांजा ओढणाऱ्या काहींना असा उलट्यांचा आजार होतो आणि गरम पाण्यानं तात्पुरता आराम पडतो, हे २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवलं. मी त्याला एवढंच सांगितलं की डॉक्टरांना सगळं खरं सांग. तो म्हणाला, "सांगितलं तर पोलिसांत देतील." तीन महिने त्यानं दुर्बीण सोसली, पण खरं सांगण्याची हिंमत त्याला झाली नाही.

खरं तर उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचा विचार कायद्यानंच केलेला आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपातून संरक्षण मिळू शकतं. त्याला अटी आहेत, ते सरसकट अभयदान नाही, हे मला समजतं. पण हे कलम आहे, एवढं तरी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं कुणी पाहिलं आहे का? मी पाहिलेलं नाही.

उपचारांच्या ठिकाणांबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला आकडे माहीत आहेत. केंद्र सरकारच्याच २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयाच्या २.८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख जणांनी, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेला होता. त्यातले आमच्या वाट्याचे लोक जाणार कुठे? रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्याचं नाव काढलं की मुलीचं लग्न मोडेल या भीतीनं घरं दारं लावून घेतात. जवळच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसले, तर हीच माणसं रक्तदाबाच्या रांगेतून हळूच तिकडे वळतील.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

ते एक पानी पत्रक काढा, मराठीत, आणि मालवणी, आगरी, संगमेश्वरी बोलणाऱ्यालाही सहज कळेल अशा सोप्या शब्दांत. त्यात लेपवाल्या मालाचा फोटो असू द्या. तो साध्या गांजासारखा मोजून चालत नाही, त्यावरचं परदेशी लेबल इथे लागू नाही आणि लेपात काय आहे ते बघून कळत नाही, हे लिहा. घरच्यांनी काय करायचं ते मोठ्या अक्षरांत लिहा: माणसाला एकटं सोडू नका, कुशीवर झोपवा, तोंडात चिंच, लिंबू, ताक काही घालू नका, छातीत दुखत असेल, झटका आला, शुद्ध हरपत असेल किंवा नाकातोंडातून रक्त येत असेल तर लगेच १०८. डबी किंवा उरलेला माल असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, डॉक्टरांशी खोटं बोलू नका. खाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, आणि विक्रीची खबर द्यायची असेल तर १९३३. हे तिन्ही क्रमांक सरकारनेच सुरू केलेले आहेत. माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या एकालाही ते माहीत नाहीत.

हे पत्रक होडीवाले, होमस्टेवाले, वॉटर स्पोर्ट्सवाले आणि रिक्षावाले यांच्यापर्यंत हंगामाच्या आधी पोचलं पाहिजे. पर्यटकांची टिप पहिल्यांदा यांच्याच हातात येते. शाळा-कॉलेजांत दिलंत तर फक्त पत्रक देऊन थांबू नका, डॉक्टरांना पाठवा आणि मुलांना चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न विचारू द्या.

जप्त मालाचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातातच. त्यात लेपवाला माल किंवा कृत्रिम रसायन आढळलं, तर खटल्याला बाधा न येता तेवढीच माहिती जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी-खासगी डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यांना तातडीनं कळवा. खटला वर्षानुवर्षं चालेल. तोवर तसाच माल दुसऱ्या डबीतून येत राहील.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक फलक लावा: आधी उपचार, काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा. पोलिसांना कधी कळवलं जातं, कधी नाही, आणि कलम ६४ अ काय म्हणतं, हे विधी अधिकाऱ्यांकडून तपासून नेमक्या शब्दांत लिहा. जे कायद्यात नाही ते लिहा असं आम्ही म्हणत नाही. आहे ते लपवू नका. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी दोन तासांचं एक प्रशिक्षण घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून किनाऱ्यावरच्या तालुक्यांत आठवड्याला एक दिवस मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी सुरू करा.

विकणाऱ्यांवर कारवाई करू नका, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. जरूर करा, अधिक करा, आम्हीही खबर देऊ. भाच्याच्या मित्रानं दिलेली ती डबी रुग्णालयामार्फत रीतसर पोलिसांकडे गेली आहे. तिच्यात काय निघालं हे अजून आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात कुणी काय श्वासातून घेतलं, हे कळण्याचा हक्क त्या आईला आहे, असं मला वाटतं. म्हणून पाचवी मागणी तिच्या वतीनं करतो: तो अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्या.

पत्रकाचा कच्चा मजकूर मी लिहून ठेवला आहे आणि दोन डॉक्टरांनी तो तपासला आहे. तो अर्जासोबत जोडला होता, हरवला असेल तर पुन्हा पाठवतो. छपाईला निधी नसेल तर बाजारपेठेतले आम्ही सात दुकानदार पहिल्या दोन हजार प्रती काढून देऊ, आपली मंजुरी आणि शिक्का तेवढा हवा. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतील, त्याआधी हे व्हावं अशी विनंती आहे. माझ्या काउंटरवर ओआरएसच्या पाकिटांशेजारी जागा रिकामी करून ठेवली आहे.

कळावे.

आपला,
किनाऱ्यावरच्या बाजारपेठेतला एक औषध विक्रेता